स्पायडरमॅन डिस्नेचा, मग तो युनिव्हर्सलमध्ये काय करतोय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही चौघं फ्लोरिडाला निघालोय. धाकटे दीर टँपाला असतात, मुक्काम त्यांच्याकडे. ऑर्लँडो तिथून गाडीने दीड तास. तिकिटं बघायला बसले आणि डोक्याचा भुगा झाला, म्हणून हा धागा.

लेक नऊ वर्षांची. तिला स्पायडरमॅन हवाय आणि टूथलेस नावाचा तो काळा ड्रॅगन. मुलगा तेराचा, त्याला हल्कच्या रोलर कोस्टरमध्ये उलटं लटकायचंय. मी सरळ हिशोब केला: मार्व्हल डिस्नेची, म्हणजे डिस्ने वर्ल्डची चार दिवसांची तिकिटं काढली की काम झालं. पैसे भरायच्या आधी दिरांना सहज फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, थांबा. स्पायडरमॅन डिस्नेत नाहीये, युनिव्हर्सलमध्ये आहे. हल्कसुद्धा तिथेच."

मग खोदत गेले तसा गुंता वाढतच गेला. सिम्पसन्स डिस्नेचे, पण त्यांची राइड युनिव्हर्सलमध्ये. ड्रॅगन ड्रीमवर्क्सचा. ड्रीमवर्क्स कुणाची, तर युनिव्हर्सलची. युनिव्हर्सल कुणाची, तर कॉमकास्टची. आणि कॉमकास्ट म्हणजे अमेरिकेत घरोघरी केबल आणि इंटरनेट देणारी कंपनी! केबलवाल्याला ड्रॅगन कशाला लागतो?

मी एका सीए फर्ममध्ये काम करते. विलीनीकरणाचे कागद टेबलावर येत असतात, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाही. पण इथे कोणी कुणाला, का आणि कितीला घेतलं हे सलग कुठे सापडेना. सिनेमे काढणाऱ्या कंपन्या पाळण्या-चक्रांच्या धंद्यात एवढ्या का घुसल्यात? जाणकारांनी सांगावं. आणि हो, तिकिटं नक्की कुठली काढू?

फुकट_सल्लागार

लेकीला सांगा, युनिव्हर्सल हा पागडीचा भाडेकरू आहे. घरमालक बदलला तरी खोली सोडत नाही. बाकी चालू द्या.

उजेडवाला

गोदाकाठताई, सल्लागारांनी थट्टेत सांगितलं, पण आहे तसंच.

१९९४ साली मार्व्हल ही कॉमिक्सची कंपनी होती आणि तिची तब्येत बरी नव्हती. दोनच वर्षांत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वेळी युनिव्हर्सलची तेव्हाची मालक कंपनी एमसीए दारात आली आणि थीम पार्कसाठी पात्रं मागितली. मार्व्हलने करार करून दिला. त्यातली मेख अशी, की मिसिसिपी नदीच्या पूर्वेला युनिव्हर्सल जी पात्रं वापरते, ती आणि त्यांच्या गोतावळ्यातली पात्रं दुसऱ्या कुठल्याही थीम पार्कला वापरता येणार नाहीत. म्हणजे अॅव्हेंजर्स, एक्स-मेन, फँटॅस्टिक फोर आणि स्पायडरमॅन. युनिव्हर्सल ती वापरत राहील, ठरलेले पैसे देत राहील, तोवर करार चालू. १९९९ मध्ये ऑर्लँडोत युनिव्हर्सलचं आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर हे पार्क उघडलं, त्यात हल्कचा कोस्टर आणि स्पायडरमॅनची राइड पहिल्या दिवसापासून आहेत. डिस्नेने मार्व्हल घेतली २००९ मध्ये, ४ अब्ज डॉलरला. तोवर ही खोली पंधरा वर्षं आधीच गेलेली होती.

फ्लोरिडा मिसिसिपीच्या पूर्वेला, कॅलिफोर्निया पश्चिमेला. त्यामुळे २०२१ मध्ये डिस्नेने कॅलिफोर्नियात अॅव्हेंजर्स कॅम्पस उघडला, त्यात स्पायडरमॅन आहे. एकच कोळी, पूर्वेला एका कंपनीच्या दारात आणि पश्चिमेला दुसरीच्या. आणि त्याच्या सिनेमाचे हक्क सोनीकडे, तो तिसराच घरोबा. फ्लोरिडातल्या डिस्नेला मार्व्हलमधलं काही वापरायचंच होतं, तेव्हा त्यांनी गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी शोधून काढले, कारण युनिव्हर्सलने त्यांना कधी हातच लावला नव्हता. तिथल्या डिस्नेच्या एप्कॉट पार्कमध्ये २०२२ पासून त्यांचा कोस्टर आहे.

सिम्पसन्सचं असंच. ती राइड २००८ ची, तेव्हा ते फॉक्सचे होते. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स घेतली आणि होमर सिम्पसन मालकासकट डिस्नेत गेला, राइड मात्र जागच्या जागी राहिली.

आता तुमचा खरा प्रश्न, केबलवाल्याला ड्रॅगन कशाला. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे माझ्या पोटापाण्याशी जोडलेलं होतं. मी सांगलीचा. बंगळुरात बरीच वर्षं लायटिंग केलं. लायटिंग म्हणजे थ्रीडी सिनेमातल्या शॉटमध्ये सूर्य कुठे, दिवा कुठे, केसांच्या कडेला किती उजेड, हे ठरवणं. शॉट अमेरिकेतून यायचे, रात्री तिकडच्या पर्यवेक्षकांशी कॉल, सकाळी घरी. आता पुण्यात पोरांना शिकवतो. आम्हा लोकांना तिकडच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या शेअर बाजारवाल्यांच्या आधी कळायच्या, कारण अचानक काम यायचं थांबायचं. आमच्या एका गिऱ्हाईक स्टुडिओची मालकी बदलली, तेव्हा एक अख्खा प्रोजेक्ट अर्ध्यात गुंडाळला गेला आणि आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. नाव घेत नाही.

तर २००४. त्या वर्षी डिस्नेवर दोन घाव बसले. टॉय स्टोरीवाल्या पिक्सारचे सिनेमे तेव्हा करारावर डिस्ने वितरित करायची. जानेवारीत पिक्सारने तो करार वाढवण्याची बोलणी मोडली. पिक्सारचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स आणि डिस्नेचे प्रमुख मायकल आयस्नर यांचं आपसात जमत नव्हतं, हे जगजाहीर होतं. आणि फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या कॉमकास्टने, तुमच्या केबलवाल्याने, अख्खी डिस्ने विकत मागितली. सुमारे ५४ अब्ज डॉलरचे शेअर देऊ केले. डिस्नेच्या संचालकांनी धुडकावलं, बाजारालाही ते रुचलं नाही, कॉमकास्टचा भाव पडला आणि एप्रिलअखेर त्यांनी माघार घेतली. पण मधल्या मार्चमध्ये डिस्नेची भागधारकांची सभा होती, आणि तीही नेमकी फिलाडेल्फियात! वॉल्ट डिस्नेंचा पुतण्या रॉय आयस्नरविरुद्ध मोहीम चालवत होता. ४३ टक्के मतं आयस्नरना नाकारली गेली, अध्यक्षपद त्याच रात्री गेलं. पुढच्या वर्षी मुख्याधिकारीपदही सोडलं आणि तिथे बॉब आयगर आले.

आयगरनी एक गोष्ट नंतर स्वतःच सांगितली आहे. सप्टेंबर २००५ मध्ये हाँगकाँग डिस्नेलँडचं उद्घाटन होतं. समोरून मिरवणूक चालली होती. त्यांच्या लक्षात आलं, की जुनी पात्रं डिस्नेची आहेत, पण गेल्या दहा वर्षांतलं जे जे चालतंय ते सगळं पिक्सारचं आहे. आपल्या स्वतःच्या स्टुडिओने दहा वर्षांत मिरवणुकीत नाचवण्याजोगं एकही पात्र दिलेलं नाही. ताई, तुमचं उत्तर मला इथे दिसतं. अॅनिमेशन विभाग आजारी आहे हे ताळेबंदातही दिसत असणार, पण मालकाच्या डोळ्यांत भरलं ते पार्कच्या रस्त्यावर.

जानेवारी २००६ मध्ये पिक्सार घेतली. ७.४ अब्ज डॉलर, सगळे शेअरमध्ये. पिक्सारने तोवर सहाच सिनेमे काढले होते. आणि गंमत म्हणजे त्या सहांतली पात्रं डिस्नेच्या हातात आधीच होती! जुन्या करारानुसार पुढचे भाग काढायचा हक्क डिस्नेचा होता. आयस्नरनी तर पिक्सारला वगळून टॉय स्टोरीचा तिसरा भाग काढायला सर्कल सेव्हन नावाचा वेगळा स्टुडिओच उघडला होता. म्हणजे बझ आणि वुडी खिशात असताना ७.४ अब्ज मोजले. कशासाठी? माणसांसाठी. खरेदी झाल्यावर सर्कल सेव्हन बंद केला, पिक्सार चालवणाऱ्या एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांना पिक्सारबरोबर डिस्नेच्या जुन्या स्टुडिओचीही सूत्रं दिली. विकत घेतलेल्यांनी विकत घेणाऱ्याचं घर चालवायला घेतलं. मग टँगल्ड आला, २०१३ ला फ्रोझन आला, आणि ते पिक्सारचे नाहीत, डिस्नेच्याच जुन्या स्टुडिओचे आहेत.

कॉमकास्टने उलटं केलं. डिस्ने मिळाली नाही, तर २०११ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडून एनबीसी युनिव्हर्सलचे ५१ टक्के घेतले, २०१३ मध्ये उरलेले. तोवर युनिव्हर्सलकडे इल्युमिनेशन होताच, मिनियन्सवाला. या स्टुडिओचं खरं काम पॅरिसमध्ये होतं आणि खर्च हात राखून. मिनियन्स हा सिनेमा सुमारे ७४ दशलक्ष डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात १.१ अब्जाच्या वर कमावले. त्याच वर्षीचा पिक्सारचा इनसाइड आउट १७५ दशलक्षांचा होता. धंदा म्हणून इल्युमिनेशनला तोड नाही. उजेडाचं म्हणाल तर पिक्सारची एखादी खोली बघा, खिडकीतून आलेला प्रकाश जमिनीवर आपटून भिंतीच्या खालच्या अंगाला रंग देतो. ते करायला माणसांचे महिने जातात. मिनियन्समध्ये तेवढा जीव कोणी टाकत नाही, आणि प्रेक्षकाला फरक पडत नाही. हे मला फार वर्षं टोचत होतं.

मग २०१६ मध्ये कॉमकास्टने ड्रीमवर्क्स अॅनिमेशन घेतली, ३.८ अब्ज डॉलरला. ही कंपनी कुणाची, तर जेफ्री कॅट्झेनबर्गची. हा गृहस्थ १९९४ पर्यंत डिस्नेच्या स्टुडिओचा प्रमुख होता, तिथून बिनसून बाहेर पडला, स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफेनला घेऊन ड्रीमवर्क्स काढली, आणि डिस्नेला कोर्टातही खेचलं. श्रेक सिनेमात डिस्नेच्या परीकथांची जी टर उडवली आहे ती उगीच नाही.

कॉमकास्टला ड्रीमवर्क्सची माणसं हवी होती असं मला तरी कधी दिसलं नाही. सिनेमे काढणारा हात त्यांच्याकडे होता, तोही स्वस्तात. नव्हता तो श्रेक, पांडा, मादागास्कर, आणि तुमच्या लेकीचा टूथलेस. ही पात्रं तोवर अर्ध्या जगाला भाड्याने दिलेली होती. सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज गेंटिंग नावाची कंपनी परवान्यावर चालवते, तिथे मादागास्कर होतं. दुबईच्या मोशनगेटमध्येही ड्रीमवर्क्सचा अख्खा विभाग आहे. आपल्याकडची सहलवाली मंडळी बहुतेक ही दोन्ही बघून आलेली असतात. सिंगापुरात आता मादागास्करच्या जागी मिनियन लँड झालंय, २०२५ पासून. ऑर्लँडोत २०२४ ला लहान मुलांसाठी ड्रीमवर्क्स लँड उघडलं आणि मे २०२५ ला एपिक युनिव्हर्स हे नवं कोरं पार्क, त्यात ड्रॅगनचं आयल ऑफ बर्क. खरेदीपासून बर्कपर्यंत नऊ वर्षं. एवढा धीर केबलवाल्यालाच परवडतो, त्याच्याकडे दर महिन्याला लाखो घरांचं बिल येतं.

तेव्हा डिस्नेने पिक्सार घेतली माणसांसाठी आणि कॉमकास्टने ड्रीमवर्क्स घेतली पात्रांसाठी, असं माझं मत. इतरांचं वेगळं असू शकेल.

किसिमीकर

उजेडवाल्यांचा प्रतिसाद झकास. मी राहतो डिस्नेच्या कुंपणापासून जवळ, रात्रीचे फटाके आमच्या अंगणातून दिसतात. ताईंना तिकिटांचं सांगतो.

तुमची मागणी बघता युनिव्हर्सलला निदान दोन दिवस धरा. स्पायडरमॅन आणि हल्क आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचरमध्ये. ड्रॅगन एपिक युनिव्हर्समध्ये, आणि ते मुख्य युनिव्हर्सलपासून काही मैल लांब, वेगळ्याच जागी आहे. चालत जाता येत नाही, गाडी किंवा त्यांची बस. ही दोन्ही एका दिवसात करू म्हणाल तर दिवसभर रांगा आणि बसच दिसतील. हॅरी पॉटर दोन्ही जुन्या पार्कांत विभागून ठेवलाय आणि मधल्या ट्रेनमध्ये बसायचं तर त्या दिवशीचं तिकीट दोन्ही पार्कांचं लागतं. लोक इथेच फसतात. त्यातून पॉटरचा तिसरा तुकडा आता एपिकमध्ये नेलाय. धंदा कसा करावा हे यांच्याकडून शिकावं.

डिस्नेला मग एक किंवा दोन दिवस. मुलगा तेराचा आहे तर एप्कॉटमधला गार्डियन्सचा कोस्टर चुकवू नका. उंचीचा नियम कडक असतो. स्पायडरमॅनला ४० इंच पुरतात, पण आयलंड्समधल्या वेलोसीकोस्टरला ५१ लागतात. नऊ वर्षांच्या लेकीची उंची आधी घरीच मोजा, तिथे दारात रडारड नको.

मे अखेरीस दुपारी पाऊस येतो आणि विजा चमकल्या की बाहेरच्या राइड बंद करतात. सकाळी दारं उघडायच्या आधी पोचा, दुपारी आतल्या राइड आणि जेवण. डिस्नेत पोळी-भाजीचा डबा नेता येतो, फक्त काचेची भांडी नकोत; युनिव्हर्सलमध्ये काय चालतं ते जाण्याआधी बघून घ्या.

पॉटरबद्दल एक भर. तो ना डिस्नेचा, ना कॉमकास्टचा. वॉर्नरकडून परवान्यावर घेतलेला. २०१० च्या जूनमध्ये तो आयलंड्समध्ये आला. पार्कांच्या गर्दीचे जे अंदाज दरवर्षी छापून येतात, त्यात २००९ ला हे पार्क ४६ लाखांच्या आसपास होतं, २०११ ला ७६ लाखांच्या. एका किल्ल्याने आणि गोड बटरबिअरने एवढा फरक पडतो हे युनिव्हर्सलने तेव्हा बघितलं. त्याआधी इथली मंडळी युनिव्हर्सलला डिस्नेच्या सहलीतला एक जादा दिवस समजायची.

भागधारक

चर्चा छान, पण उजेडवाले कलाकार आहेत म्हणून त्यांना माणसं दिसतात. मला आकडे दिसतात.

डिस्नेचं २०२४ चं आर्थिक वर्ष घ्या. पार्क, क्रूझ आणि खेळणी-कपडे मिळून जो विभाग आहे, त्याचा परिचालन नफा ९.३ अब्ज डॉलर. सगळ्या विभागांचा मिळून १५.६ अब्ज. म्हणजे जवळजवळ साठ टक्के. सिनेमा, टीव्ही, स्ट्रीमिंग, खेळवाहिन्या हे सगळं एकत्र करून उरलेले चाळीस. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की दहा वर्षांत या विभागात सुमारे ६० अब्ज डॉलर घालणार. ताईंनी विचारलं होतं सिनेमावाले यात एवढे का घुसलेत, तर हे बघा. केबल टीव्हीचे ग्राहक गळताहेत, स्ट्रीमिंगने वर्षानुवर्षं तोटा दाखवला. पाळण्यात बसायला मात्र माणसाला स्वतः यावं लागतं, त्याची चोरटी कॉपी निघत नाही.

कार्सचं उदाहरण घ्या. पिक्सारच्या सिनेमांत समीक्षकांनी त्याला मागच्या बाकावर बसवलं. पण पहिल्या पाच वर्षांत त्या गाड्यांची खेळणी आणि इतर माल किरकोळ बाजारात १० अब्ज डॉलरच्या घरात विकला गेला. कॅलिफोर्नियातलं डिस्नेचं दुसरं पार्क फिकं पडलं होतं, त्याची एक अब्जाच्या वर खर्च करून डागडुजी केली, तेव्हा २०१२ मध्ये मधोमध काय बसवलं? कार्स लँड. उत्तम सिनेमा आणि उत्तम जमीन या वेगळ्या गोष्टी आहेत.

फॉक्सचाही खरा हिशोब मांडू. डिसेंबर २०१७ मध्ये डिस्नेने ५२.४ अब्ज देऊ केले. जून २०१८ मध्ये कॉमकास्टने मध्ये येऊन ६५ अब्ज रोख म्हटले. आठवड्याच्या आत डिस्ने ७१.३ वर गेली. जुलैत कॉमकास्टने हात काढून घेतला आणि ब्रिटनची स्काय ही टीव्ही कंपनी घेऊन मोकळी झाली. कॉमकास्टचे प्रमुख ब्रायन रॉबर्ट्स यांनी फॉक्समधलं काहीच विकत न घेता डिस्नेच्या खिशाला १९ अब्जांचं भोक पाडलं, हे त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात स्वस्तात झालेलं काम, असं मी मानतो. त्या फॉक्सबरोबर स्टार इंडियाही आली, म्हणजे आपल्या घरातली स्टार प्रवाहची संध्याकाळची मालिका काही वर्षं डिस्नेच्या खात्यावर चालली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते रिलायन्सबरोबरच्या भागीदारीत गेलं.

पिक्सारबद्दल: माणसांसाठी घेतली म्हणता, पण त्या सौद्यात जॉब्स डिस्नेचे सगळ्यात मोठे वैयक्तिक भागधारक झाले, सुमारे सात टक्के, आणि संचालक मंडळावर बसले. पिक्सार दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर? ही भीती हाच त्या किमतीचा मोठा भाग होता.

अवांतर: २००६ मध्येच आयगरनी एनबीसी युनिव्हर्सलशी एक अदलाबदल केली. अल मायकल्स हे प्रसिद्ध क्रीडा समालोचक डिस्नेच्या वाहिन्यांशी करारबद्ध होते, त्यांना एनबीसीला जायचं होतं. आयगरनी त्यांना सोडलं आणि बदल्यात इतर काही हक्कांबरोबर ऑस्वाल्ड नावाचा ससा मागून घेतला. हा ससा वॉल्ट डिस्नेंनी १९२७ मध्ये केला होता, पण हक्क युनिव्हर्सलकडे राहिले आणि पुढच्या वर्षी तो हातातून गेला. मग त्यांनी मिकी माऊस केला. जिता-जागता समालोचक देऊन ७८ वर्षांनी ससा परत आणला. विलीनीकरणाच्या कागदांत असं कलम बघितलंय का ताई?

फुकट_सल्लागार

समालोचकाच्या बदल्यात ससा. आमच्या सोसायटीच्या सभेत हे मांडतो, आमच्याकडेही एक समालोचक जास्तीचे आहेत.

गोदाकाठ

नाही हो, असलं कलम बापजन्मी बघितलं नाही! सगळ्यांचे आभार. लेकीची उंची मोजली, ५० इंच. वेलोसीकोस्टर एका इंचाने हुकतोय, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

उजेडवाले, एक राहिलं. फॉक्सबरोबर आइस एजवाला स्टुडिओही डिस्नेकडे गेला ना? त्याचं पार्कमध्ये काहीच कसं दिसत नाही? मुलगा लहान असताना त्या खारीवर आमच्या घरी पिढीजात भक्ती होती.

उजेडवाला

भागधारक, जॉब्स मंडळावर बसले हे खरंच. पण तेही माणूसच होते, तेव्हा माझं म्हणणं टिकतं!

ताई, त्या स्टुडिओचं नाव ब्लू स्काय. कनेटिकटमध्ये होता, १९८७ ला सुरू झालेला. आमच्या धंद्यात त्याला वेगळा मान होता, कारण खऱ्या जगात प्रकाश जसा पडतो तसा तो संगणकात मांडण्याचं तंत्र त्यांनी इतरांच्या फार आधी स्वतः लिहिलं होतं. माझ्यासारखे लोक त्यांच्या फ्रेम थांबवून बघायचे.

फॉक्स घेताना तो पदरात पडला. मागून घेतलेला नव्हता. डिस्नेकडे तोवर पिक्सार होती, स्वतःचा जुना स्टुडिओ होता, तिसऱ्याचं काय करणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद करणार म्हणून जाहीर केलं, एप्रिलमध्ये टाळं लागलं. साडेचारशे माणसं. त्यांचा निमोना नावाचा सिनेमा अर्ध्याहून जास्त झाला होता, तोही थांबवला. पुढे दुसऱ्यांनी तो उचलला, अॅनिमेशन डीनेग या स्टुडिओकडे गेलं, ज्याची मालकी मुंबईच्या प्राइम फोकसकडे आहे. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि ऑस्करच्या नामांकनात बसला. ज्या कंपनीने तो रद्दीत काढला होता, तिचे हिशोबनीस तेव्हा काय म्हणाले असतील याची मला फार उत्सुकता आहे. आइस एजची पात्रं मात्र डिस्नेने ठेवली, पुढचे भाग काढताहेत. स्टुडिओ बंद, खार चालू.

म्हणून भागधारकांचे आकडे मला मान्य आहेत, पण त्यांच्यातून एक गोष्ट निसटते. पार्कला पात्र लागतं ते तयार, लोकांच्या ओळखीचं. नवं पात्र घडवायला चार-पाच वर्षं आणि तीनशे-चारशे माणसं लागतात, आणि ती माणसं खर्चाच्या रकान्यात बसतात. ड्रीमवर्क्सने कॅप्टन अंडरपँट्स बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतला. आमच्या बंगळुरात टेक्निकलरमध्ये २००८ पासून ड्रीमवर्क्सचा खास विभाग होता, पुस इन बूट्सचं काही काम तिथे झालंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ग्रूपच कोसळला आणि बंगळूर-मुंबईतले हजारो कलाकार एका आठवड्यात रस्त्यावर आले. त्यातले काही माझे विद्यार्थी. तीनच महिन्यांनी एपिक युनिव्हर्स उघडलं. या दोन्हींचा थेट संबंध जोडता येत नाही, जोडूही नये. पण एका बाजूला सात अब्ज डॉलरचं पार्क उभं राहतं आणि दुसरीकडे तीच पात्रं हलवणाऱ्या, उजळवणाऱ्या हातांना गिऱ्हाईक मिळत नाही, हे एकाच वर्षात बघितलं.

बर्कला गेलात की तिथला टूथलेस जवळून बघा. त्याची कातडी पूर्ण काळी नाही. सिनेमात आम्हा लोकांना काळ्यावर काळं उठवणं हे सगळ्यात अवघड जातं, तिथे खऱ्या उन्हात त्यांनी ते कसं निभावलंय हे मला हवंय. फोटो टाका, दुपारचा आणि संध्याकाळचा, दोन्ही.

गोदाकाठ

नक्की टाकते. शेवटचा प्रश्न, मग धागा बंद. यजमान म्हणताहेत एवढा खर्च करून अमेरिकेला कशाला, डिस्ने आता अबू धाबीला येतंय, मुंबईहून तीन-साडेतीन तासांवर. थांबावं का?

भागधारक

थांबू नका. मे २०२५ मध्ये घोषणा झाली, यास बेटावर. उघडायची तारीख दिलेली नाही. पण सौदा वाचण्याजोगा आहे. पार्क बांधणार, पैसे घालणार आणि चालवणार मिराल ही तिथली कंपनी. डिस्ने आराखडे आणि पात्रं देणार, आणि स्वामित्वशुल्क घेणार. टोक्योत १९८३ पासून असंच चालतं, तिथलं डिस्नेलँड ओरिएंटल लँड कंपनीच्या मालकीचं आहे. कॉमकास्टने एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडात बेडफर्डला पार्क जाहीर केलं, ते मात्र स्वतः बांधणार, २०३१ चं उद्दिष्ट.

किसिमीकर

आणि ताई, अबू धाबीला मार्व्हल असेल की नाही कोण जाणे, पण मिसिसिपीचं कलम तिथे लागू नाही एवढं नक्की. तोवर मुलगा कॉलेजात गेलेला असेल. मेची तिकिटं काढा, एपिकचा दिवस मंगळवार-बुधवार धरा, शनिवारी येऊ नका. टँपाहून येताना आय-फोर रस्त्यावर सकाळी तुंबतं, साडेसहाला निघा.

गोदाकाठ

काढली. आयलंड्स आणि एपिक मिळून दोन दिवस युनिव्हर्सल, एक दिवस एप्कॉट. हॅरी पॉटरची ट्रेन यजमानांनी कापली, कारण दोन पार्कांच्या तिकिटातला फरक त्यांनी रुपयांत करून बघितला.